चेंडू सर्वांत उंच जातो तेव्हा खरंच थांबतो का?

दरवर्षी अकरावीच्या वर्गात गतीचा धडा सुरू झाला की मी हातातला खडू सरळ वर उडवते, झेलते आणि विचारते, "सगळ्यांत वर होता तेव्हा खडूचं त्वरण किती होतं?" अर्ध्याहून जास्त वर्ग एका सुरात सांगतो, "शून्य." का, असं विचारलं की कारणही तयार असतं. "मॅडम, तिथे तो थांबतो ना!"

हे उत्तर चुकीचं आहे, पण आळसातून आलेलं नाही. सर्वांत वर वेग शून्य असतो, हे मुलांनी अगदी बरोबर हेरलेलं असतं. चूक पुढच्या पायरीवर होते. वेग नाही म्हणजे त्वरणही नसणार, असं मन परस्पर ठरवून टाकतं. दहावीपर्यंत दोन सूत्रं पाठ झालेली असतात: वेग म्हणजे विस्थापन भागिले काळ आणि त्वरण म्हणजे वेगातला बदल भागिले काळ. आकडे घातले की उत्तर येतं, गुण मिळतात. पण "त्या क्षणी" वेग किती, हा प्रश्न या सूत्रांना विचारता येत नाही. क्षणाला लांबी नसते. मग भागायचं कशानं?

मला वाटतं, गतिशास्त्रातली निम्मी भीती या एका अडचणीतून येते. ती सुटली की स्थानाच्या सूत्रातून वेग काढणं आणि वेगातून त्वरण काढणं या दोन वेगळ्या युक्त्या राहत नाहीत, एकच कृती दोनदा केल्यासारखं होतं. म्हणून आज सूत्राआधी खरे आकडे घेऊ.

१६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये उसेन बोल्ट १०० मीटर धावला आणि ९.५८ सेकंदांत पोहोचला. १०० भागिले ९.५८ केलं की सेकंदाला १०.४४ मीटर येतात, म्हणजे ताशी सुमारे ३७.६ किलोमीटर. हा त्याचा सरासरी वेग. पण या वेगानं तो धावत होता, असं म्हणणं धाडसाचं होईल. बंदुकीचा आवाज झाल्यावर ०.१४६ सेकंद तर तो जागचा हललाच नव्हता.

सुदैवानं त्या शर्यतीत दर दहा मीटरला वेळ टिपलेली आहे. पहिले दहा मीटर १.८९ सेकंदांनी पूर्ण झाले, वीस मीटरला २.८८, तीसला ३.७८, चाळीसला ४.६४, पन्नासला ५.४७, साठला ६.२९, सत्तरला ७.१०, ऐंशीला ७.९२, नव्वदला ८.७५ आणि मग ९.५८. कोणत्या वेळी तो कुठे होता, याची ही यादी. भौतिकशास्त्राच्या भाषेत हेच स्थानाचं फलन: वेळ सांगा, जागा मिळेल. फक्त इथे ते सूत्राच्या रूपात नाही, नोंदींच्या रूपात आहे.

आता लागोपाठच्या नोंदींची वजाबाकी करू. दहा ते वीस मीटर हा टप्पा त्यानं ०.९९ सेकंदांत कापला, म्हणजे वेग सेकंदाला १०.१० मीटर. पुढचा टप्पा ०.९० सेकंदांत, वेग ११.११. त्यानंतर ११.६३, १२.०५, १२.२०. साठ ते सत्तर या टप्प्याला ०.८१ सेकंद लागले, तिथे वेग १२.३५, म्हणजे ताशी जवळपास ४४.५ किलोमीटर. तिथून पुढे तो किंचित उतरतो: १२.२०, १२.०५ आणि शेवटच्या दहा मीटरलाही १२.०५. एका सरासरीच्या आड लपलेली सगळी शर्यत नुसत्या वजाबाकी-भागाकारानं उघडी झाली.

याच आकड्यांची पुन्हा एकदा वजाबाकी केली की त्वरण मिळतं. दुसऱ्या टप्प्यापासून तिसऱ्या टप्प्यापर्यंत वेग १.०१ नं वाढला. दोन टप्प्यांच्या मधोमधच्या वेळांत सुमारे ०.९४५ सेकंदांचं अंतर आहे, म्हणून त्वरण साधारण १.०७. पुढे ते ०.५९ होतं, मग ०.५०, मग ०.१८. साठ-सत्तर मीटरच्या आसपास ते शून्य होतं आणि त्यानंतर ऋण.

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण खडूच्या प्रश्नाचा आरसा इथे सापडतो. बोल्ट सर्वांत वेगानं धावत होता, नेमका त्याच सुमारास त्याचं त्वरण शून्य होतं. आणि सुरुवातीला, जेव्हा त्याचा वेग नगण्य होता, तेव्हा त्याचं त्वरण सर्वांत जास्त होतं. म्हणजे वेग मोठा म्हणून त्वरण मोठं किंवा वेग शून्य म्हणून त्वरण शून्य, असं नातं दोघांत नाहीच. वेग किती आहे हा एक प्रश्न आणि वेग बदलतोय किती हा दुसरा प्रश्न. खिशात किती पैसे आहेत आणि आज खिशात किती पैसे आले, हे जितके वेगळे तितकेच हेही वेगळे. खिसा रिकामा असतानाही पहिली नोट आत येतच असते.

एक सावधगिरीही इथेच सांगते. नोंदी सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच आहेत. ०.८२ ऐवजी ०.८१ आलं तर वेगात सेकंदाला ०.१५ मीटरचा फरक पडतो आणि त्वरण तर थेट ०.१८ वरून शून्यावर किंवा उणेवर जाऊ शकतं. दर वजाबाकीला मोजमापातली बारीक चूक फुगत जाते. म्हणून साठ मीटरनंतरचे त्वरणाचे आकडे मी कोरीव मानणार नाही, त्यांचा कल तेवढा मानेन. प्रयोगशाळेत वहीतल्या नोंदींवरून त्वरण काढताना मुलांचा आलेख वेडावाकडा येतो तोही याच कारणानं. त्यात त्यांचा हात कच्चा असतो असं नाही.

तरीही मूळ अडचण शिल्लक आहेच. दहा मीटरच्या टप्प्याचा वेगही शेवटी सरासरीच आहे, छोट्या टप्प्याची. एका क्षणाचा वेग हवा असेल तर टप्पा आणखी छोटा करावा लागेल, त्याहून छोटा, आणखी छोटा. नोंदींच्या बाबतीत कुठेतरी घड्याळ हात टेकतं. सूत्र असेल तर मात्र आपल्याला कुणीच अडवत नाही.

म्हणून आता खडूच्या जागी चेंडू घेऊ आणि तो सेकंदाला २० मीटर वेगानं सरळ वर फेकू. हवेचा विरोध सोडून देऊ आणि गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी सोयीसाठी १० धरू. काळ सेकंदांत मोजू आणि त्याला क म्हणू. उंची मीटरमध्ये, तिला उ म्हणू. मग कोणत्याही क्षणाची उंची अशी:

उ = २०क − ५क²

शून्य सेकंदाला उंची शून्य, एका सेकंदाला १५, दोन सेकंदांना २०, तीन सेकंदांना पुन्हा १५ आणि चार सेकंदांना चेंडू परत हातात. वीस मीटर म्हणजे सहा-सात मजली इमारतीची उंची, चांगला क्षेत्ररक्षक सहज फेकेल.

बरोबर एका सेकंदाला त्याचा वेग किती? एक ते दोन सेकंद हा टप्पा घेतला तर उंची १५ वरून २० झाली, सरासरी वेग ५. टप्पा बराच मोठा झाला. एक ते १.१ सेकंद घेऊ: सरासरी वेग ९.५. एक ते १.०१ घेतलं की ९.९५. एक ते १.००१ घेतलं की ९.९९५. हे आकडे कुठे निघाले आहेत, ते कुणी सांगायला नको. ते दहाकडे सरकत आहेत आणि टप्पा आणखी लहान केला की दहाच्या हवे तितके जवळ जातील. त्या दहाला आपण एका सेकंदाचा, त्या क्षणाचा वेग म्हणतो. क्षणाची लांबी शून्य असली तरी काही बिघडत नाही, कारण आपण शून्यानं भागलेलंच नाही. आपण दरवेळी खऱ्याखुऱ्या, लहानशा काळानं भागलं आणि उत्तरं कोणत्या आकड्याकडे जातात ते पाहिलं. गणितात त्या आकड्याला सीमा म्हणतात.

हेच एकदा अक्षरांत करून टाकू, म्हणजे दर क्षणासाठी वेगळी खटपट नको. कोणताही क्षण क घ्या आणि त्यानंतरचा लहानसा काळ ल. त्या काळानंतर उंची होईल २०(क + ल) − ५(क + ल)². कंस सोडवून त्यातून आधीची उंची वजा केली की उरतं:

२०ल − १०कल − ५ल²

ही ल या काळात वाढलेली उंची. तिला ल नं भागा:

२० − १०क − ५ल

आता ल लहान लहान होऊ द्या. शेवटचं पद विरघळून जातं आणि राहतं:

वेग = २० − १०क

या कृतीला अवकलन म्हणतात आणि तिच्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी भागायचं, मग ल लहान होऊ द्यायचा. आधीच ल शून्य धरला तर वर शून्य, खाली शून्य आणि हाती काहीच लागत नाही. मुलं हा क्रम घाईत उलटा करतात आणि मग "हे अवकलन म्हणजे जादू आहे" असं म्हणतात. जादू काही नाही, नुसती वजाबाकी, भागाकार आणि धीर.

असं वेगवेगळ्या घातांसाठी करून पाहिलं की एक साचा दिसू लागतो. क² पासून २क मिळतो, क³ पासून ३क² आणि क⁴ पासून ४क³. घात खाली उतरून गुणायला येतो आणि वरचा घात एकानं कमी होतो. नुसता क असेल तर १ उरतो. आणि ज्या पदात क नाहीच, ते पूर्ण गळून पडतं. हा शेवटचा नियम मुलं पाठ करतात, पण त्यातला अर्थ फार सुंदर आहे. चेंडू जमिनीवरून न फेकता तीस मीटर उंच गच्चीवरून फेकला असता तर सूत्र झालं असतं उ = ३० + २०क − ५क². वेग काढला की ३० गळतात आणि उत्तर तेच, २० − १०क. उंची कुठून मोजायला सुरुवात केली याच्याशी वेगाला देणंघेणं नसतं. म्हणूनच उलटं जाताना, म्हणजे वेगावरून स्थान शोधताना, सुरुवात कुठून झाली हे कुणीतरी वेगळं सांगावं लागतं. ते वेगात शिल्लकच नसतं.

आता वेगाच्या सूत्रावर तीच कृती पुन्हा. २० मध्ये क नाही, तो गळाला. −१०क पासून उरले −१०.

त्वरण = −१०

यात क कुठेच नाही. म्हणजे एका सेकंदाला विचारा, दोन सेकंदांना विचारा, साडेतीन सेकंदांना विचारा, उत्तर एकच: उणे दहा मीटर प्रति सेकंद, प्रति सेकंद. दोनदा "प्रति सेकंद" मी मुद्दाम म्हणते. "मीटर प्रति सेकंद वर्ग" असं म्हटलं की डोळ्यांसमोर काहीच येत नाही, कारण सेकंदाचा वर्ग कुणी पाहिलेला नाही. "दर सेकंदाला वेग दहा मीटर प्रति सेकंदानं बदलतो" असं म्हटलं की लगेच हिशेब दिसतो: सुरुवातीला वेग २०, मग १०, मग ०, मग −१०, मग −२०. एका चालीनं उतरणारा जिना. शून्य ही त्या जिन्यातली फक्त एक पायरी आहे. तिथे विश्रांतीचा चौथरा बांधलेला नाही.

आता खडूच्या प्रश्नाकडे परत जाऊ. सर्वांत वर, दोन सेकंदांना, वेग शून्य आणि त्वरण उणे दहा. वर्गात मी इथे उलटा प्रश्न टाकते. समजा, तिथे त्वरणही शून्य असतं तर काय झालं असतं? वेग शून्य, आणि तो बदलायला काही कारणच नाही. मग चेंडू तिथेच लटकून राहिला असता, कायमचा. तो खाली येतो, एवढीच गोष्ट पुरेशी साक्ष आहे. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी दरवर्षी तो खडू उडवते.

आलेखात हे आणखी स्वच्छ दिसतं. उंचीचा आलेख म्हणजे कमान. तिचा चढ म्हणजे वेग. कमानीच्या माथ्यावर स्पर्शिका आडवी असते, चढ शून्य. पण वेगाचा आलेख वेगळा काढा: वीसपासून निघून उणे वीसपर्यंत सरळ खाली उतरणारी एक रेषा. दोन सेकंदांना ती शून्याच्या रेषेला छेदून आरपार जाते. ती तिथे टेकत नाही, वळत नाही, दम घेत नाही. त्या रेषेचा चढ म्हणजे त्वरण आणि तो सगळीकडे सारखा आहे. उंचीच्या आलेखाकडे पाहून त्वरण सांगायला गेलं की फसायला होतं, कारण माथ्यावरचा आडवेपणा नजरेत भरतो आणि कमानीचा बाक नजरेतून सुटतो. त्वरण त्या बाकात असतं.

अवकलनाचा शोध लागण्याआधी गॅलिलिओनं हीच गोष्ट वजाबाकीनं गाठली होती. सरळ पडणारी वस्तू त्याच्या काळच्या घड्याळांना झेपण्याजोगी नव्हती, म्हणून त्यानं गोळा उतरत्या फळीवरच्या खाचेतून सोडला. गुरुत्वाचा जोर त्यानं जणू पातळ केला. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेनं पाणी पडू दिलं आणि साठलेलं पाणी तोललं. सारख्या काळांत गोळ्यानं कापलेली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात येतात, असं त्याला आढळलं आणि १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्यानं ते मांडलं. या विषम संख्यांची वजाबाकी करा: २, २, २. दुसऱ्या वजाबाकीला उत्तर स्थिर येतं, म्हणजे त्वरण स्थिर. आपला चेंडू वरून खाली सोडला तर सेकंदागणिक ५, १५, २५, ३५ मीटर पडतो, तेच प्रमाण. पुढे न्यूटन आणि लायब्निझ यांनी या वजाबाकीला सर्वसाधारण नियमाचं रूप दिलं. न्यूटन बदलाच्या दरासाठी अक्षरावर टिंब देत असे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत वेगासाठी एक टिंब आणि त्वरणासाठी दोन टिंबं आजही दिसतात.

चेंडूचं उदाहरण थोडं सोपं पडतं, कारण त्यात त्वरण बदलतच नाही. म्हणून मुलांना मी एक मुंगी देते. फूटपट्टीवरून चालणारी मुंगी, तिचं स्थान सेंटिमीटरमध्ये असं:

स = क³ − ६क² + ९क

खरी मुंगी इतकी शिस्तीत चालत नाही, पण हिशेबासाठी ही चांगली आहे. साच्यात घाला. वेग येतो ३क² − १२क + ९ आणि त्वरण ६क − १२.

वेग शून्य कधी? अवयव पाडले की ३(क − १)(क − ३), म्हणजे एका सेकंदाला आणि तीन सेकंदांना. या दोन क्षणी मुंगी पाठ फिरवते. शून्यापासून निघून एका सेकंदाला ती ४ सेंटिमीटरवर जाते, तिथून परत फिरून तीन सेकंदांना पुन्हा शून्यावर येते, पुन्हा वळते आणि चार सेकंदांना परत ४ वर असते. चार सेकंदांत तिचं विस्थापन ४ सेंटिमीटर, पण पाय मात्र १२ सेंटिमीटरचे दुखले. सरासरी वेग सेकंदाला एक, सरासरी चाल सेकंदाला तीन. चाल आणि वेग यांतला फरक व्याख्येवरून जितका कळत नाही तितका या मुंगीवरून कळतो. परीक्षेत "कापलेलं अंतर" विचारलं आणि मधे वेगाचं चिन्ह बदललं असेल, तर तिथे तुकडे पाडल्याशिवाय उत्तर बरोबर येत नाही.

त्वरणाच्या चिन्हाबद्दलची एक समजूतही इथे गळून पडते. ऋण त्वरण म्हणजे मंदावणं, असं शाळेत कानावर पडलेलं असतं. पहिले दोन सेकंद मुंगीचं त्वरण ऋणच आहे. पहिल्या सेकंदात तिचा वेग धन आहे आणि ती खरोखर मंदावते. पण एक ते दोन या सेकंदात तिचा वेगही ऋण आहे, त्वरणही ऋण, आणि ती जोर धरते, उलट्या दिशेनं. दोन ते तीनमध्ये त्वरण धन आहे, तरी ती मंदावते. खूण एवढीच लक्षात ठेवायची: वेग आणि त्वरण यांचं चिन्ह सारखं असेल तर चाल वाढते, विरुद्ध असेल तर घटते. एकट्या त्वरणाचं चिन्ह याबद्दल काहीच सांगत नाही. तीन सेकंदांनंतर काय होतं, ते तुम्हीच चिन्हं लावून पाहा.

आणि दोन सेकंदांना? तिथे त्वरण शून्य आणि वेग −३, म्हणजे मुंगी उलट्या दिशेनं सर्वांत जोरात धावत असते. बोल्टची साठ-सत्तर मीटरची जागा ती हीच.

झोका घेतलात तर हे सगळं एकाच जागी सापडतं. लहान आंदोलनं असतील तर झोक्याचं स्थान काळाबरोबर 'ज्या' या फलनाप्रमाणे बदलतं, त्यालाच आपण कॉलेजात साइन म्हणतो. 'ज्या'चं अवकलन 'कोज्या' (कोसाइन) आणि 'कोज्या'चं अवकलन ऋण 'ज्या'. म्हणून टोकाला, जिथे क्षणभर अधांतरी वाटतं, तिथे वेग शून्य आणि मध्याकडे खेचणारं त्वरण सर्वांत जास्त. मध्यावर वेग सर्वांत जास्त आणि वाटेच्या दिशेचं त्वरण शून्य. दोरीच्या दिशेनं वर असतं ते त्वरण वेगळं, वाट वळवणारं. त्याची गोष्ट पुन्हा कधी.

ज्या आणि कोज्या हे शब्द निघाले की मला पाटण आठवतं. चाळीसगावजवळच्या या गावी सापडलेल्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यात ग्रहांच्या गतीचा विचार करताना ते नेमके आपल्या अडचणीपाशी येतात. आजचं स्थान आणि उद्याचं स्थान यांची वजाबाकी केली की दिवसाची गती मिळते, पण ती स्थूल. चंद्राची गती तर दिवसभरातही बदलते, म्हणून तिथी संपण्याच्या जवळपासचा हिशेब करताना ते तात्कालिक गती वापरायला सांगतात. तात्कालिक, म्हणजे त्या वेळेची. आपण ज्याला क्षणाचा वेग म्हणालो, तेच. ती काढताना 'ज्या'च्या वाढीसाठी ते 'कोज्या' वापरतात.

मला त्यांचं आणखी एक निरीक्षण फार आवडतं. ग्रहाच्या मध्यम स्थानात, म्हणजे सरासरी गती धरून काढलेल्या स्थानात, एक दुरुस्ती मिळवली की त्याचं खरं, स्पष्ट स्थान मिळतं. ही दुरुस्ती जिथे सर्वांत मोठी असते, तिथे ग्रहाच्या गतीतली दुरुस्ती शून्य असते आणि मध्यम गती हीच स्पष्ट गती, असं ते सांगतात. म्हणजे एखादी राशी कमाल असते तिथे तिचा बदलाचा दर शून्य असतो. बारावीत कमाल-किमान मूल्यांच्या गणितांत आपण हाच नियम वापरतो. सर्वसाधारण अवकलनशास्त्र त्यांनी उभारलं असं म्हणणं ताणल्यासारखं होईल. त्यांचा विचार ग्रहगणितापुरता आणि ज्या-कोज्यांपुरता होता. पण कमानीच्या माथ्यावर नजर रोखून "इथे बदल शून्य आहे" हे त्यांना साडेआठशे वर्षांपूर्वी दिसलं होतं, हे मुलांना सांगताना माझा आवाज थोडा चढतोच.

आता खरोखर थांबणाऱ्या एका गोष्टीकडे येऊ, कारण वर्गात कुणीतरी विचारतंच: "मग थांबणं म्हणजे काय?" लोकल ट्रेन घ्या. समजा, ती ताशी ५४ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला १५ मीटरनं फलाटात शिरते आहे आणि ब्रेक लागल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ०.७५ मीटर प्रति सेकंदानं घटतो. स्थान मीटरमध्ये:

स = १५क − ०.३७५क²

पाहा, हे चेंडूचंच सूत्र आहे, फक्त आकडे वेगळे. वेग १५ − ०.७५क, तो वीस सेकंदांनी शून्य होतो. तोवर गाडी १५० मीटर पुढे गेलेली असते. इथवर सगळं चेंडूसारखं. पण सूत्राला एकविसावा सेकंद विचारला तर ते १४९.६२५ म्हणतं, म्हणजे गाडी साधारण सव्वा फूट मागे आली! चेंडू तसा मागे येतो, गाडी येत नाही. वीस सेकंदांनंतर हे सूत्र गाडीला लागूच नाही. तिथून पुढे स्थान १५० आणि ते तसंच राहतं. स्थानाचं सूत्र कोणत्या काळासाठी दिलं आहे, हे न पाहता अवकलन केलं की असा घोळ होतो. चेंडूचं सूत्रही चार सेकंदांनी हातात आल्यावर संपतं. पाचव्या सेकंदाला ते चेंडू पंचवीस मीटर जमिनीखाली असल्याचं सांगेल.

गाडीच्या त्या विसाव्या सेकंदाला दोन गोष्टी एकदम होतात. वेग हळूहळू उतरत शून्याला टेकतो, आणि त्वरण मात्र उणे ०.७५ वरून एका फटक्यात शून्यावर उडी मारतं. ही उडी उभ्या प्रवाशाला कळते. ब्रेक लागलेला असतो तोवर आपण पुढे झुकलेलो असतो, तोल राखायला पाय रोवून शरीर मागे ओढत असतो. गाडी थांबते, झुकवणारं कारण अचानक नाहीसं होतं आणि आपण मागच्या माणसावर जातो. हा हिसका म्हणजे त्वरणाचा बदलण्याचा दर, तिसऱ्यांदा केलेलं अवकलन. हात सरावलेला मोटरमन गाडी थांबण्याच्या किंचित आधी ब्रेक सैल करतो, त्वरणाला शून्याकडे उतरायला थोडा वेळ देतो आणि डबा हिसका न देता उभा राहतो.

म्हणून आता वर्गात खडू उडवला आणि पुन्हा कुणी "तो थांबतो ना" म्हणालं, तर मी विचारते, "वर गेल्यावर त्याला हिसका बसतो का?" मुलं क्षणभर दादरला उतरतानाचा आपला डबा आठवतात, मग खडूकडे पाहतात, आणि पहिल्या बाकावरून कुणीतरी हळूच "नाही" म्हणतं.